बसऱ्याच्या छावणीतले दख्खनी शिपाई

आपल्यातल्या किती तरी घरांतले मुलगे आज आखाती देशांत आहेत. कुणी दम्मामला, कुणी दुबईला, कुणी कुवेतला. रात्री मोबाइलवर चेहरा दिसला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जेवलास का रे?" मग नमाजाची जागा जवळ आहे का, खोलीत किती जण आहेत, उन्हाचा त्रास होतो का, पैसे कधी पाठवणार, अशी चौकशी सुरू होते. कुवेतच्या थोडे वर गेले की इराकमधले बसरा शहर लागते. हसन बसरी आणि राबिया बसरी यांच्यामुळे हे नाव आपल्या घरांना ओळखीचे आहे. पण ११० वर्षांपूर्वी आपल्याच दख्खनमधले शिपाई पलटणीतून या शहरात उतरले होते आणि महिनोन्‌महिने तिथल्या छावणीत राहिले होते, हे मात्र आपण जवळजवळ विसरलो आहोत.

आम्ही करकंबला राहतो. पंढरपूर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. इथून समुद्र खूप दूर. तरी १९१४ साली इथल्या माणसाला फौजेत जायचे असेल तर वाट बंद नव्हती. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आली होती. त्या छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीने पुणे किंवा मुंबई आणि मुंबईहून आगबोट. ज्वारीच्या रानातून निघालेला माणूस या वाटेने खजुरीच्या बागांत पोहोचू शकत होता.

मराठा पलटणीतले मुसलमान

त्या काळच्या मराठा पलटणींत फक्त मराठे होते असे आपल्याला वाटते. तसे नव्हते. दख्खनी मराठे आणि कोकणी मराठे यांच्याबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या या पलटणींत असत. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा, या तिन्ही पलटणी सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. याच डिव्हिजनने ६ नोव्हेंबर १९१४ रोजी शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव येथे पाय ठेवला आणि त्याच महिन्यात बसरा घेतले. तेव्हा इराकला सरकारी कागदांत मेसोपोटेमिया म्हणत. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदुस्थानी लोक समुद्रापार गेले, त्यांतले सर्वांत जास्त याच आघाडीवर होते.

साध्या शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. परदेशात लढाईवर असताना त्यावर थोडा भत्ता मिळे. या पैशांतला मोठा भाग घरी जाई. दख्खनमध्ये पावसाने डोळे वटारले की शेतीत काय उरते हे सोलापूर जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. अकरा रुपयांची बांधलेली रक्कम ही तेव्हा मोठी गोष्ट होती. आज मुलगा आखातात का जातो, याचे उत्तर आणि तेव्हा तो फौजेत का गेला, याचे उत्तर फारसे वेगळे नाही.

छावणीतला दिवस

लढाई रोज नसते. परदेशातल्या फौजेचा बहुतेक काळ छावणीतच जातो. बसऱ्याचा तळ हळूहळू मोठा होत गेला. धक्के, गोदामे, दवाखाने, तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या. शिपायांबरोबर हजारो बिनलढाऊ माणसेही गेली होती. पाणी वाहणारे भिश्ती, धोबी, स्वयंपाकी, खेचरवाले, हमाल, सफाई करणारे. त्यांच्याशिवाय एकही दिवस निघाला नसता, पण इतिहासात त्यांचा उल्लेख सर्वांत कमी.

दिवस पहाटे लवकर सुरू होई, कारण उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर तंबूत बसणेही कठीण. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाई. उष्माघाताने माणसे दगावत. वसंतात नद्यांना पूर आला की छावणीभोवती चिखलच चिखल. उन्हाळ्यात माशा आणि डास, हिवाळ्यात हाडे गोठवणारी थंडी. पहारा, खंदक खणणे, बोटीतून माल उतरवणे, जनावरांना पाणी पाजणे, बंदूक पुसणे आणि वाट पाहणे, यातच दिवस जाई.

शिधा सरकारी होता : आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ, हळद, मिरची, थोडे मांस. गव्हाचा आटा ज्वारी खाणाऱ्या माणसाला आठवडाभर बरा वाटतो, नंतर भाकरीची आठवण येतेच. हिंदू आणि मुसलमान शिपायांची चूल वेगळी असे. मांसासाठी शक्यतो जिवंत बकरी पुरवत आणि ज्याची त्याची माणसे आपल्या पद्धतीने ती कापत. इंग्रज अधिकाऱ्यांना हे सांभाळणे भाग होते, कारण खाण्याच्या बाबतीत शिपायाचा विश्वास गेला की पलटण बिघडते, हा धडा ते १८५७ मध्ये शिकले होते.

फ्रान्सच्या आघाडीवरही हेच धोरण होते. तिथून जखमी झालेल्या हिंदुस्थानी शिपायांसाठी इंग्लंडमधल्या ब्रायटन येथील जुन्या राजवाड्यात दवाखाना उघडला होता. तिथे वेगवेगळ्या समाजांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती आणि मुसलमानांना नमाजासाठी बागेत जागा राखून ठेवली होती. जे मुसलमान शिपाई इंग्लंडात वारले, त्यांच्यासाठी वोकिंगच्या शहाजहान मशिदीजवळ वेगळे कब्रस्तान बांधले गेले. ही मशीद १८८९ मध्ये भोपाळच्या बेगमसाहेबांच्या मदतीने उभी राहिली होती.

मनातली ओढाताण

बसऱ्याला गेलेल्या मुसलमान शिपायावर एक ओझे जास्तीचे होते. समोरची फौज तुर्कांची होती आणि तुर्कस्तानचा सुलतान तेव्हा खलिफा मानला जाई. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून शेख-उल-इस्लामचा जिहादचा फतवा निघाला. इकडे हिंदुस्थान सरकारने त्याच महिन्यात जाहीर केले की अरबस्तान आणि इराकमधल्या पवित्र स्थळांना व जेद्दा बंदराला हात लावला जाणार नाही. एका बाजूला खाल्लेल्या मिठाची शपथ, दुसऱ्या बाजूला खलिफाचे नाव. पलटणीतल्या साध्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी नीट समजावून सांगितला असेल?

१९१५ चा रमजान जुलैच्या मध्याला सुरू झाला. इराकमधला जुलै म्हणजे भट्टी. त्याच महिन्यात, २४ जुलैला, नासिरियाची लढाई झाली. प्रवासात आणि आजारपणात रोजा पुढे करण्याची सवलत शरीयतने दिली आहे, हे आपण जाणतो. तरी घरापासून इतक्या दूर असलेल्या माणसाला रमजान चुकला याची चुटपूट लागतेच. त्यानंतर मोहरमच्या महिन्यात, २२ नोव्हेंबर १९१५ ला, ही डिव्हिजन बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढली. या जागेचे आजचे नाव सलमान पाक. हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार तिथे आहे. ज्यांचे नाव लहानपणापासून वाजात ऐकले, त्यांच्या मजारीच्या परिसरात बंदूक चालवण्याची वेळ आलेल्या माणसाच्या मनात काय आले असेल, हे कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

कूतचा वेढा

टेसिफोनला फार माणसे पडली. जनरल टाउनशेंड उरलेली फौज घेऊन मागे फिरले आणि कूत-अल-अमारा या गावात थांबले. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, हे आपण पाहतो. कूतला तैग्रिस नदी त्याहून पुष्कळ मोठा वळसा घेते. गावाच्या तीन बाजूंना पाणी. तुर्की फौजेने चौथी बाजू बंद केली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत वेढले गेले. आत पुणे डिव्हिजन होती, तिच्या तिन्ही मराठा पलटणी होत्या आणि शिवाय गावातले अरब रहिवासीही होते.

हा वेढा जवळपास पाच महिने चालला. जानेवारीत नदीला पूर येऊन खंदक पाण्याने भरले. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि हजारो माणसे गमावली, पण वेढा फुटला नाही. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची, डाळीची, साखरेची पोती खाली टाकली गेली. विमानाने रसद पोहोचवण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी तो एक. पण एवढ्या तोंडांना ते पुरणार कसे? २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची बोट धान्य घेऊन नदीतून निघाली, तीही तुर्कांच्या हाती पडली.

आतला शिधा आठवड्यागणिक कमी होत होता. आधी तूप आणि गूळ आटले, मग डाळ, मग पीठही काही औंसांवर आले. उरली होती ती ओझ्याची आणि तोफखान्याची जनावरे.

घोड्याच्या मांसाचा प्रश्न

गोऱ्या शिपायांनी घोडे आणि खेचरे खायला सुरुवात केली. हिंदुस्थानी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी, नकार दिला. हा प्रसंग आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा असा आहे.

घोड्याच्या मांसाबद्दल फिकहमध्ये मतभेद आहेत. हनफी मतात ते मकरूह मानले जाते, शाफई मतात त्याची परवानगी आहे. जीव जाण्याची वेळ आली तर एरवी मना असलेली गोष्टही जीव वाचण्यापुरती खाता येते, हे तर कुरआनातच सांगितले आहे. म्हणजे दीनच्या बाजूने रस्ता बंद नव्हता. टाउनशेंड यांनी बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानात कळवून दोन्ही समाजांच्या धर्मगुरूंकडून परवानगीही मागवली. ती आली. तरीही पुष्कळ शिपायांनी मांसाला हात लावला नाही.

का? कारण त्यांना भीती दीनपेक्षा गावाची जास्त होती. उद्या परत गेल्यावर गावात, भावकीत, जमातीत काय म्हणतील? 'घोडा खाऊन आला' हे नाव चिकटले तर हुक्कापाणी बंद होईल. बहिणीला स्थळ येणार नाही, मुलाला कुणी मुलगी देणार नाही. मौलवीसाहेबांचा फतवा तारेने येऊ शकतो, पण गावाचे तोंड तारेने बंद होत नाही. एप्रिलमध्ये अगदी शेवटी, अधिकाऱ्यांनी सक्तीची भाषा केल्यावर बहुतेक जण मांस खाऊ लागले. तोवर फार उशीर झाला होता. अंगातली ताकद गेली होती.

हजारो मैलांवरच्या घराची भीती त्या माणसांच्या तोंडातला घास अडवत होती. घरच्यांना याची खबरही नव्हती. आपला मुलगा उपाशी मरत असताना त्याने काय खाल्ले यावरून त्याला टाकून द्यावे, असे कुठल्या आईला वाटेल? पण ती असे म्हणणार नाही, हे त्याला कधी कुणी स्पष्ट सांगितले नव्हते.

मोड आलेल्या डाळीचा धडा

कूतमध्ये दोन वेगवेगळे आजार पसरले. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे, त्यांच्यात बेरीबेरी झाला. हिंदुस्थानी शिपायांचा आटा कोंड्यासकट असल्याने ते बेरीबेरीतून बरेचसे वाचले. पण त्यांना ना ताजे मांस, ना भाजी. त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, सांधे दुखू लागले, जुन्या जखमा भरेनात. शिपाई नदीकाठचा रानपाला खुडून भाजी करू लागले. एकाच गावात, एकाच वेळी, दोन आहार आणि दोन आजार. जीवनसत्त्वांची नावेही धड ठरलेली नव्हती, त्या काळात डॉक्टरांना यातून मोठा धडा मिळाला.

पुढे १९१७ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम या दोन संशोधक महिलांनी दाखवून दिले की कोरड्या डाळी-कडधान्यांत स्कर्व्ही रोखण्याची ताकद नसते, पण तीच कडधान्ये भिजवून मोड आणले की ती ताकद येते. ताजी भाजी जिथे पोहोचत नाही तिथल्या फौजांसाठी हा सोपा उपाय त्यांनी सुचवला.

मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवणे हे आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. आमच्या करकंबच्या बाजारची आमटी या भागात नावाजलेली आहे. वेगवेगळ्या डाळी एकत्र शिजवून केलेली झणझणीत आमटी, तीत भाकरी कुस्करून खायची. डाळीचे मोल या मातीला ठाऊक आहे. तरी मोड आलेल्या मुठीभर कडधान्याने कूतमध्ये किती हिरड्या आणि किती जीव वाचले असते, हे प्रयोगशाळेने सांगितले तेव्हा कूत पडून वर्ष उलटले होते.

शरणागती आणि कैद

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत तुर्कांच्या स्वाधीन झाले. सुमारे १३ हजार माणसे कैदी झाली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात ठेवले. भुकेने खंगलेल्या शिपायांना मात्र उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेले. वाटेत आणि नंतर कैदेत हजारो मेले. मुसलमान शिपायांना इतरांपासून वेगळे काढले गेले. त्यांनी बाजू बदलावी असा प्रयत्न झाला. काही गेले, पुष्कळ जण गेले नाहीत. अनेक हिंदुस्थानी कैद्यांना रास-अल-ऐन भागात बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. इकडे घरी काहीच कळत नव्हते. माणूस जिवंत आहे की नाही, जनाजाची गायबाना नमाज पढावी की परतीची दुआ मागावी, हेही कळू नये यासारखे दुःख नाही.

पत्रे

कूतच्या वेढ्यात टपाल बंद होते. इतर आघाड्यांवर मात्र पत्रे येत-जात होती. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे, म्हणून पलटणीतल्या एखाद्या लिहिणाऱ्याकडून पत्र लिहवून घेत. घरीही ते कुणा शिकलेल्याकडून वाचून घेत. म्हणजे नवरा-बायकोच्या पत्रात आधीच दोन परकी माणसे. त्यात तिसरा सरकारी सेन्सॉर. फ्रान्सहून जाणारी हिंदुस्थानी शिपायांची पत्रे उघडून वाचली जात. त्यांचे इंग्रजी उतारे आजही लंडनमध्ये जपलेले आहेत, त्यांत मराठी पत्रांचेही आहेत.

शिपाई हुशार होते. काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई, अशा खुणेच्या शब्दांत ते घरी कळवत की काळी मिरी संपत आली आहे. म्हणजे आपली माणसे मरत आहेत, भाऊ भरती होत असेल तर त्याला थांबवा. स्वयंपाकघराचे शब्द वापरले, कारण ते शब्द घरी हमखास समजतील याची खात्री होती.

नावे कुठे आहेत?

या आघाडीवर ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, अशा ४० हजारांहून अधिक जणांच्या आठवणीसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. १९९७ मध्ये इराक सरकारने ते शहराजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेले. त्या स्मारकाच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावेही आहेत. पण साध्या हिंदुस्थानी शिपायांच्या जागी फक्त पलटणीचे नाव आणि मेलेल्यांचा आकडा. या भेदभावाबद्दल स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून माफी मागितली.

दगडावर नाव नसेल तर ते फक्त घरात उरते. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. घरातल्या जुन्या पेट्या, माळ्यावरचे डबे एकदा उघडून पाहा. पहिल्या महायुद्धाची पदके पुष्कळ घरांत 'आजोबांचा बिल्ला' म्हणून पडून असतात. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या मागे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. सिंह आणि बाईचे चित्र असलेली वितभराहून लहान ब्राँझची थाळी सापडली, तर ती युद्धात मेलेल्या माणसाच्या वारसांना दिलेली आहे. तिच्यावर त्याचे नाव असते. भंगारात घालू नका. त्या नावाचा शोध वर सांगितलेल्या कमिशनच्या संकेतस्थळावर घेता येतो. काही नोंदींत वडिलांचे आणि गावाचे नावही मिळते. काही गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धाला गेले' अशी संगमरवरी पाटीही लावलेली असते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्या गावाने ती आठवण जपली, म्हणून ते आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखले जाते.

आजची छावणी आणि आजचे घर

परदेशातली छावणी ही जुनी गोष्ट झालेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारताचे जवान दक्षिण सुदानमध्ये, काँगोत राहिले आहेत. लेबनॉनच्या दक्षिण भागात १९९८ पासून भारताची बटालियन आहे. तिथला जवान गस्त घालतो, सीमेवर नजर ठेवतो, आसपासच्या गावांत दवाखाना चालवतो, शेतकऱ्यांच्या जनावरांवर उपचारही करतो. त्याला घरी बोलता येते. पण बोलणे सोपे झाले म्हणून मनातले सगळे बोलले जाते असे नाही. तो म्हणतो, "सगळं ठीक आहे अम्मी." ही म्हणते, "इथंही सगळं ठीक आहे बेटा." दोघेही काही तरी लपवत असतात.

आखातात कामाला गेलेल्या मुलाचेही तेच. काम सुटले, मालकाने पगार अडवला, आजारी पडला, तरी तो घरी सांगत नाही. गावात हसू होईल, लग्न मोडेल, वडिलांची मान खाली जाईल, ही भीती. कूतच्या शिपायाला जी भीती होती, तिचाच हा वेगळा अवतार आहे.

यावर उपाय घराच्याच हातात आहे. मुलगा निघताना आपण इमाम-ए-जामिन बांधतो, दुआ देतो, चटणीचे डबे देतो. त्याबरोबर एक गोष्ट तोंडाने सांगून ठेवावी : "अडचण आली तर आधी आम्हाला सांग. रिकाम्या हाताने परत आलास तरी हे घर तुझंच आहे. लोक काय म्हणतील ते आम्ही पाहून घेऊ." हे वाक्य वडिलांनी म्हणावे, नुसते आईवर सोडू नये. आणि शेजारच्या घरातला मुलगा रिकाम्या हाताने परत आला, तर त्याची चौकशी कशी करायची हेही आपण शिकावे. कारण 'लोक' म्हणजे शेवटी आपणच.